हाक कोणत्या डब्यात ठेवू, वन्सं?

वन्सं, आत्याबाई म्हणतात, मोबाइलमधली ती तुम्ही नव्हेच.

तुमचं दिवसकार्य नुकतंच उरकलं. पाव्हणे पांगले, मांडव निघाला आणि त्या संध्याकाळी आत्याबाईंनी पहिल्यांदा नीट तोंड उघडलं. "मला सुमीचा आवाज ऐकवा कुणीतरी," म्हणाल्या. आईनं मागितलं म्हटल्यावर तुमच्या भावानं लगेच मोबाइल काढला. तुमची ती क्लिप फॅमिली ग्रुपवर फिरतेय ना, चुलत नणंदेच्या हळदीत सगळ्यांनी गळ घातली म्हणून तुम्ही मेंढरांची हाक घातली होती ती. ह्याच्याकडून त्याला, त्याच्याकडून परत ह्याला, असं करत अख्ख्या भावकीत गेलीय. आत्याबाईंनी मोबाइल कानाला लावून ऐकलं. परत लाव म्हणाल्या, परत ऐकलं. मग मोबाइल खाटेवर पालथा घातला.

"ही सुमी न्हवं."

"आई, आसं काय करतीस? तोंड दिसतंय की तिचं!" तुमचे भाऊ.

"तोंड तिचं आसंल. हाक तिची न्हाई. माज्यावर इस्वास नसंल तर त्यास्नी इचार." त्यांनी वाघराकडं बोट केलं. जाळीच्या आत मेंढरं रवंथ करत बसली होती. "एकबी उठलं का?"

एकही उठलं नव्हतं, वन्सं. एकाचा कानसुद्धा हलला नव्हता.

तुमचे भाऊ म्हणाले, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, पोरीच्या दुःखानं असं होतं. पण मला दुसरंच भ्या बसलंय. मला ती हाक तुमचीच वाटली होती! इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि मला फरक कळला नाही. म्हणजे माझ्या कानात आता तुम्ही आहात का ती ग्रुपवरची क्लिप आहे? डोळे मिटून तुमची हाक आठवायला गेले तर मागं हळदीतल्या बायांचं खिदळणं ऐकू येतं. ते काही तुमच्या हाकेत नव्हतं. एकेक दिवस जातोय तसतशी ती क्लिप तुमच्या जागेवर फतकल मारून बसतेय आणि मी बघत बसलेय.

तुमचा ताप, दवाखाना, त्याआधीचं तुमचं लग्न, तुमचं परत येणं, ह्यातलं काही मी लिहिणार नाही. ते सांगायला गावात पुष्कळ तोंडं आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय ते आपल्या मलकापूरच्या स्टुडिओतलं. तुम्ही लग्नाचे व्हिडिओ काढायचात आणि जोडायचात, मी फाइली कॉपी करायची, पेनड्राइव्ह भरायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. भांडायचं काम मला जमतं, हे तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत. बाकी मी कुपवाडची, वर्कशॉपच्या खडखडाटात वाढलेली. मला ना मेंढरांतलं कळत होतं, ना कॉम्प्युटरमधलं. मी तुम्हाला 'वन्सं, तुम्ही' म्हणायची आणि तुम्ही वयानं लहान असून मला 'वैनी, तू'. मला त्याचा कधी राग आला नाही. आता 'वैनी, तू' म्हणणारं कुणी राहिलं नाही, ह्याचा येतो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, हे एमपीफोर, एमकेव्ही, एमओव्ही काय प्रकरण आहे? तुम्ही माझाच जेवणाचा डबा ओढून पुढं घेतलात. "ही नुसती डब्यांची नावं हायत, वैनी. आत एका कप्प्यात चित्र, दुसऱ्या कप्प्यात आवाज. डबा कंचा हाय त्याच्यावरनं भाजी कंची ते कळत न्हाई. आतला जिन्नस कसा दाबून भरलाय, त्याला कोडेक म्हणायचं. टीव्हीला त्यो कोडेक कळला तर वाजिवणार, न्हाई कळला तर गप बसणार." एवढं सांगून माझी भाकरी अर्धी खाऊन टाकलीत.

ते उंब्रजचे सुभेदार आठवतात? रिटायर होऊन आलेले, मिशा चढवून भांडायला आले होते. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लागत नाही म्हणून. काय केलं होतं त्यांनी, तर घरच्या कॉम्प्युटरवर फाइलच्या नावातलं शेवटचं एमकेव्ही खोडून स्वतःच्या हातानं एमपीफोर लिहिलं होतं, आणि म्हणत होते की आता एमपीफोर झालाय तरी का चालत नाही! मी पदर खोचून उठलेच होते. तुम्ही मला बसवलंत. "आवं सुभेदार, मी तुमची वर्दी अंगात घालून उभी ऱ्हायले, तर मला बंदूक चालिवता यील का?" सुभेदार आधी लाल झाले, मग असे हसले की चहा सांगून गेले. नंतर त्यांच्या भावकीतली सगळी लग्नं आपल्याकडंच आली.

आणि बिटरेट? तुम्ही तुमच्या गावची उपमा काढलीत. आटपाडीकडचं माणूस पाण्याशिवाय दुसरं काय काढणार! "रिझोल्यूशन म्हंजे घागर केवढी, बिटरेट म्हंजे नळाची धार किती. लोक फोर-के फोर-के करत्यात. आरं, घागर ढीगभर मोठी आन् धार करंगळीएवढी, तर भरणार काय?" मी ते गिऱ्हाइकांना जसंच्या तसं सांगते. सांगत होते. आता कुणाला सांगू, दुकानाचं शटर अर्धं खाली आहे.

पण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, वन्सं. एमपीथ्रीवरनं. एका पार्टीला ग्रुपवर टाकायला लहान फाइल हवी होती आणि तुम्ही आवाज दाबत होता. मी विचारलं, एवढी मोठी फाइल एवढीशी कशी होते? तुम्ही म्हणालात, "माणसाच्या कानाला जे कळणार न्हाई, ते काढून टाकत्यात."

"काढलेलं जातं कुठं?"

"कुठं जाणार? जात न्हाई कुठं. नसतं मग."

"परत आणता येत असंल की."

"न्हाई. एमपीथ्रीची परत मोठी, बिनदाबाची वेव्ह फाइल केलीस तरी न्हाई. डबा मोठा हुईल, आतला जिन्नस तेवढाच. एकदा गेलं ते गेलं."

"पण माणसाला काय कळत न्हाई हे ठरवलं कुणी? माझ्या कानाला विचारलं होतं का?"

तुम्ही खुर्ची गर्रकन फिरवलीत आणि हसत सुटलात. "लय भितीस गं तू! गाण्यातनं चिमूटभर कमी झालं तर कोण मरतंय?" तेवढ्यात कुणीतरी पासपोर्ट फोटोला आलं आणि आपलं बोलणं राहिलं. उत्तर तुमच्याकडून यायचं होतं. तुमच्या चितेपुढं सगळे गप उभे असताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, एवढंच फिरत होतं: जात न्हाई कुठं, नसतं मग. मी मटकन खाली बसले. बायकांनी धरून बाजूला नेलं, त्यांना वाटलं उन्हानं चक्कर आली.

आणि आता आत्याबाई. डोंगराच्या त्या अंगाला कुणाची हाक चाललीय, नवऱ्याची का दिराची का लेकीची, हे ह्या अंगाला बसून सांगणारी बाई. मोबाइलनं काय केलं असेल ते मला आता कळतंय. तुमच्या हाकेत आधी घशातून घर्र, मग जिभेचं टक्‌टक्, मग दातांमधून बारीक शीळ. मोबाइलला ती शीळ आणि ते टक्‌टक् म्हणजे कचरा वाटला असणार, कारण मोबाइलला माणसाचं बोलणं तेवढं कामाचं वाटतं. थोडं त्यानं काढलं, मग ग्रुपवर टाकताना थोडं गेलं, मग कुणी गाणं चिकटवून परत टाकलं तेव्हा आणखी थोडं. दर खेपेला चिमूटभर. आम्हाला कळलं नाही. आत्याबाईंना कळलं, आणि मेंढरांना.

म्हणून मी मलकापूरला आले तुमची खरी हाक शोधायला. ती कुठं असणार हे मला ठाऊक होतं. लोक माइकपुढं 'हॅलो, वन टू थ्री' करतात. तुम्ही प्रत्येक लग्नात, नवरानवरीच्या आधी, मामंजींनी शिकवलेली मेंढरांची हाक घालायचात. वऱ्हाडी माना वळवून बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्हाला काय त्याचं! "ह्यात समदं हाय, वैनी. खालचं, मदलं, वरचं. एवढं नीट घावलं की बँडबी घावतोय आन् नवरीच्या आईचं रडणंबी." मग तो तुकडा कापून टाकायचा आणि पार्टी खूश झाली, पेनड्राइव्ह घेऊन गेली, की मागचा सगळा कच्चा माल उडवायचा. हार्ड डिस्क काही रबराची नाही, हा तुमचाच नियम. म्हणजे एवढ्या लग्नांतल्या एवढ्या हाका तुम्ही स्वतःच्या हातानं पुसल्यात. एकेक फोल्डर उघडत होते आणि रिकामं निघत होतं.

शेवटचं उंब्रजचं लग्न तेवढं राहिलं होतं. त्याला तुमचा हात लागायचा होता. त्यातली पहिलीच फाइल. छोट्या चौकटीत तुम्ही स्वतः दिसलात, कॅमेऱ्याचे रंग जुळवायला हातात पांढरा कागद. त्या दिवशी मी माहेरी कुपवाडला गेले होते ना, मग कॅमेरा स्टँडवर लावून तुम्हीच पुढं येऊन उभ्या राहिलात. मी ती फाइल उघडली नाही. हिंमतच झाली नाही. आधी आत्याबाईंनी ऐकावी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भ्या वाटत होतं, की मी ऐकेन आणि मला ती ओळखीची वाटणार नाही. तशीच मोबाइलवर घेतली आणि तुमच्या भावाच्या मागं गाडीवर बसून आटपाडीची वाट धरली.

आत्याबाईंच्या पुढं मोबाइल धरला. तुम्ही चालत आलात. कॅमेऱ्याकडं बघितलंत. काहीतरी बोललात, मग गाल आत गेले, ओठ हलले. आवाज नाही.

आवाज वाढवला, नाही. बंद करून परत लावला, नाही. स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत आलं होतं, की ह्या फाइलचा आवाज इथं चालत नाही. वन्सं, तुम्ही हाक घालत होता, जीव तोडून घालत होता, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

"माज्या लेकीला मुकं केलंस व्हय गं?"

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मनात एकच, की गेलं. तुम्ही नसताना मी फाइलीला हात लावला आणि तुमचा आवाज घालवला.

परत येताना तुमचे भाऊ म्हणाले, "त्यात काय, बाजारात कुणीबी पोरगं कन्व्हर्ट करून दील." मी गाडीवरच ओरडले. "हात लावायचा न्हाई कुणी! कन्व्हर्ट म्हणं! कशात करणार, कितीवर दाबणार, इचारल्याशिवाय?" बिचारे त्यांचीही बहीणच की. पण मला त्या वेळी कुणाची दया येत नव्हती.

आणि मग तुमच्या खुर्चीत बसल्यावर तुम्हीच बोललात. सुभेदार गेल्यावर मला शिकवलं होतंत तसं. "चित्र दिसतंय, आवाज न्हाई, म्हंजे डबा शाबूत हाय. आवाजाच्या कप्प्यातलं ह्या यंत्राला कळंना, एवढंच. पयली कॉपी काढ. मूळ फायलीला शिवायचं न्हाई. आन् भ्यायचं न्हाई." शेवटचं तेवढं जमलं नाही. बाकी सगळं केलं. बघितलं तर खरंच, तुमच्या कॅमेऱ्यानं आवाज अजिबात न दाबता, होता तसा भरला होता, आणि मोबाइलला नेमका तोच प्रकार कळत नव्हता. त्याला दाबलेलंच खायची सवय. आत सगळं जागेवर होतं. तुम्ही मुक्या नव्हता. आमचं यंत्रच बहिरं होतं.

मी कॉपीतला आवाज वेगळा काढायला घेतला. ती चौकट आली, कशात काढू म्हणून विचारणारी. आधीपासून एमपीथ्रीच निवडलेलं होतं. किती दाबू, धार किती ठेवू, सगळं विचारत होतं, आणि प्रत्येक प्रश्न मी दोनदोनदा वाचत होते. चुकून एक बटण दाबलं तर तुमच्यातलं चिमूटभर जाणार, आणि मला कळणारही नाही काय गेलं. मी वेव्ह निवडलं. बाकी सगळं मूळ फाइलीत होतं तेच ठेवलं, कमी नाही आणि जास्तही नाही. सगळं करताना स्पीकरची वायर काढून ठेवली होती. तरी स्क्रीनवर तुमचा आवाज दिसतच होता, हिरव्या रेघांत. आधी जाड पट्टा, मग उंच उंच टोकं, मग लांब बारीक झालर. घर्र, टक्‌टक्, शीळ. कानांनी ऐकायच्या आधी मी तुम्हाला डोळ्यांनी बघितलं. टेबलावर डोकं टेकून रडले, शटर अर्धं खाली होतं ते बरं झालं. मग घरात, दुकानात, माहेरी, दिसेल त्या डिस्कवर एकेक प्रत ठेवून दिली. तुमचा रबराचा नियम मी मोडलाय. या आता भांडायला.

दुसऱ्या दिवशी लग्नातला मोठा स्पीकर गाडीला बांधून गावी नेला. मेंढरं माळावरून आत घेऊन जाळी लावून झाली होती, उजेड अजून होता. आत्याबाई खाटेवर बसल्या. तुमचे भाऊ भिंतीला टेकून उभे. मी स्पीकर अंगणात ठेवला आणि बटण दाबलं.

आधी वारा. मग तुमच्या चपला. कागदाची सळसळ. मग तुम्ही म्हणालात, अगदी सहज, "आज वैनी न्हाई. कोण सांगणार आता, आवाज येतोय का न्हाई ते?" मला हे ठाऊकच नव्हतं. मोबाइलवर तुमचे ओठ हलले होते ते ह्याला.

"येतोय, वन्सं," मी मोठ्यानं म्हणाले. अंगणात सगळ्यांच्या देखत.

आणि मग तुम्ही हाक घातलीत.

सगळी मेंढरं एका दमात उठली. एकही बसून राहिलं नाही. जाळीला अंग घासत पुढं आली, स्पीकरकडं नाही, फाटकाकडं. तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा ज्या फाटकातून यायचात तिकडं माना करून ओरडायला लागली. म्हातारी मेंढी तर जाळीवर पुढचे पाय टाकून उभी राहिली. आत्याबाईंनी डोळे मिटले होते. ओठ हलले त्यांचे. "हीच. हीच माजी सुमी."

मला वाटलं, जिंकले. हसू येत होतं आणि रडूही. मी परत लावायला हात पुढं केला, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. केवढी ताकद त्या हातात!

"नगं. परत लावू नगंस."

"का, आत्याबाई? आत्ता तर म्हणालात..."

"ती वाट बगत्याल, मंगल. मुक्या जनावरास्नी आसं फशीवू न्हाई."

मी स्पीकर बंद केला. मेंढरं बसली नाहीत, वन्सं. अंधार पडेपर्यंत तशीच उभी होती, फाटकाकडं तोंड करून. मीही.